इकामा आणि अमानत

कोकणातल्या आमच्या मोहल्ल्यात 'इकामा' या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ज्या बाईने कधी मुंबईसुद्धा धड पाहिली नाही, तिलाही आपल्या नवऱ्याच्या इकाम्याची मुदत कुठल्या महिन्यात संपते हे तोंडपाठ असते. परदेशात राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना एवढाच त्याचा कागदोपत्री अर्थ. पण त्या लहानशा कार्डामागे एक माणूस उभा असतो, त्याला 'कफील' म्हणतात. इकाम्यावर पेशा लिहिलेला असतो, आणि तो कफील लिहील तो. आमच्या गावचे पदवीधर 'आमिल' म्हणजे मजूर म्हणून वीस-वीस वर्षे नोंदले गेलेले आहेत. कफिलाने पासपोर्ट कपाटात ठेवून घेतला म्हणून बापाच्या जनाजाला न पोचलेला मुलगा आमच्या गल्लीत आहे, आणि तो एकटाच नाही. सौदीत २०२१ पासून हे नियम बरेच सैल झाले, नोकरी बदलणे आणि देशाबाहेर जाणे सोपे झाले, हेही सांगितले पाहिजे. पण चार दशके ज्यांनी ते सोसले त्यांना एक गोष्ट कायमची कळली आहे. ज्याच्या हातात तुमचा परवाना आहे, त्याच्यासमोर तुमचा आवाज आपोआप खाली येतो. त्यासाठी त्याने डोळे वटारावे लागत नाहीत.

म्हणूनच २०१७ च्या जुलैत पाकिस्तानचे पंतप्रधान नवाझ शरीफ यांची खुर्ची एका इकाम्यापायी गेली, तेव्हा आमच्या मोहल्ल्यात त्या बातमीची जेवढी चर्चा झाली तेवढी बहुधा पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांतही झाली नसेल. मशिदीबाहेरच्या हॉटेलात एक निवृत्त सौदीवाले चाचा म्हणाले, "अरे, वजीर-ए-आझमला पण इकामा लागतो काय?" सगळे हसले. हसण्यासारखेच होते ते. पण त्या प्रश्नात जे होते ते आम्हाला अजून सोडत नाही, म्हणून हा लेख.

प्रकरण थोडक्यात असे. ३ एप्रिल २०१६ रोजी पनामातील मोसॅक फोन्सेका या वकिली कंपनीची कागदपत्रे जगभरच्या वृत्तपत्रांतून उघड झाली. लंडनच्या पार्क लेनवरील अॅव्हनफिल्ड हाऊसमधल्या चार फ्लॅटांची मालकी ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या नेस्कॉल आणि नीलसन या दोन कंपन्यांकडे होती आणि या कंपन्यांचा संबंध शरीफ यांच्या मुलांशी होता. पैसा कुठून आला? कुटुंबाचे उत्तर दुबईच्या पोलाद कारखान्यातून निघून कतारच्या एका राजपुत्राच्या पत्रापर्यंत गेले. एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्ती तीन विरुद्ध दोन असे विभागले गेले आणि संयुक्त तपास पथक नेमले गेले. या पथकासमोर आलेला एक दस्तऐवज २००६ च्या फेब्रुवारीतला असल्याचे सांगितले होते, पण तो 'कॅलिब्री' या अक्षरवळणात छापलेला होता आणि ते वळण सर्वसामान्यांच्या संगणकावर आले २००७ मध्ये! एवढे सगळे असताना २८ जुलै २०१७ रोजी पंतप्रधान अपात्र ठरले ते मात्र लंडनच्या फ्लॅटांमुळे नाही. दुबईच्या जबल अली मुक्त क्षेत्रात त्यांच्या मुलाची 'कॅपिटल एफझेडई' नावाची कंपनी होती. शरीफ तिचे अध्यक्ष होते, पगार महिना दहा हजार दिरहम ठरला होता, आणि त्याच नात्याने त्यांच्याकडे अमिरातीचा इकामा होता. वकिलांचे म्हणणे असे की पद नावापुरते होते, पगार कधी उचललाच नाही. न्यायालय म्हणाले, उचलला नाही तरी तो येणे होता, येणे म्हणजे मालमत्ता, आणि ती २०१३ च्या उमेदवारी अर्जात दाखवली नाही. 'मालमत्ता' कशाला म्हणावे यासाठी न्यायमूर्तींनी कायद्याचा इंग्रजी शब्दकोश उघडला.

आमच्या हॉटेलात यावर दुसऱ्यांदा हशा पिकला. आखातात काम करूनही सहा-सहा महिने पगार न मिळालेले कितीतरी लोक तिथे बसलेले होते. न घेतलेल्या पगारापायी माणसाची खुर्ची जाते हे त्यांना नवीन होते.

आता आमचे म्हणणे. न्यायालयाने ज्या कलमाखाली त्यांना घरी पाठवले ते पाकिस्तानी राज्यघटनेचे कलम ६२ (१) (फ). लोकप्रतिनिधी 'सादिक' आणि 'अमीन' असला पाहिजे, असे ते म्हणते. हे शब्द तिथे जनरल झिया-उल-हक यांच्या कारकिर्दीत, १९८५ मध्ये घातले गेले. सादिक आणि अमीन ही कुणाची विशेषणे आहेत हे या अंकाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. नुबुव्वतीच्या आधीही मक्केचे लोक ज्यांच्याकडे आपली ठेव विश्वासाने ठेवत, त्यांची ती ओळख. ती ओळख एका लष्करशहाने निवडणुकीच्या फॉर्मवर आणून ठेवली. मग २०१८ च्या एप्रिलात ठरले की या कलमाखालची अपात्रता आजन्म राहील. २०२३ मध्ये संसदेने कायदा बदलून ती पाच वर्षांवर आणली आणि २०२४ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने स्वतःचाच आजन्म अपात्रतेचा निर्णय फिरवला. दरम्यान अॅव्हनफिल्ड प्रकरणात २०१८ मध्ये झालेली दहा वर्षांची शिक्षा इस्लामाबाद उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये रद्द केली. म्हणजे माणूस एकदा अमीन नव्हता, तो आजन्म अमीन असू शकत नव्हता, आणि नंतर तो पुन्हा अमीन होऊ शकत होता. ईमानाचे माप असे तारखेगणिक बदलायला लागले की सामान्य माणूस म्हणतो, हे सगळे राजकारण आहे. आणि त्याचे फारसे चुकत नाही.

आम्हाला वाटते, प्रश्नच चुकीचा विचारला गेला. 'हा माणूस सच्चा आहे का?' हा प्रश्न अल्लाहने आपल्याकडे ठेवून घेतलेला आहे. माणसांनी विचारायचा प्रश्न त्याहून साधा आणि त्याहून कडक आहे. हा माणूस कुणाच्या उपकाराखाली आहे? ज्या देशाशी तो आपल्या वतीने बोलणार, त्याच देशाच्या परवान्यावर त्याचे घर, मुलाचा धंदा, स्वतःचे राहणे अवलंबून आहे का? याला इंग्रजीतून आलेल्या भाषेत हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट जड नाही. यात चोरी व्हावीच लागत नाही. माणूस मनाने अगदी स्वच्छ असू शकतो.

पनामाच्या त्याच कागदांनी आइसलंडचे पंतप्रधान सिग्मुंडूर डेविड गुनलाउगसन यांनाही दोन-तीन दिवसांत घरी बसवले. तिथे कुणी त्यांना चोर म्हटले नव्हते. २००८ मध्ये आइसलंडच्या बँका कोसळल्या. त्या बँकांकडून ज्यांचे पैसे येणे होते त्यांच्याशी किती द्यायचे, कसे द्यायचे हे सरकार ठरवत होते. पंतप्रधानांच्या पत्नीच्या परदेशी कंपनीचेही त्याच बँकांकडून येणे होते. त्यांनी स्वतःचा अर्धा हिस्सा २००९ च्या शेवटच्या दिवशी पत्नीला एका डॉलरला विकलेला होता. म्हणजे टेबलाच्या एका बाजूला देणेकरी म्हणून नवरा बसलेला आणि दुसऱ्या बाजूला घेणेकरी म्हणून बायको. त्यांनी बायकोच्या फायद्याचा एकही निर्णय घेतला नसेल. पण लोकांना ते कळण्याचा मार्ग नव्हता, कारण टेबलाची दुसरी बाजू त्यांनी सांगितलीच नव्हती. आणि हा रोग गरीब किंवा मुस्लिम देशांचा आहे असे समजणाऱ्यांनी पुण्याच्या कल्याणीनगरात जाऊन दोन उंच इमारतींवरचे नाव वाचावे. बांधकाम इथल्या कंपनीचे, नाव मात्र अमेरिकेत २०१७ ते २०२१ या काळात आणि २०२५ पासून पुन्हा राष्ट्राध्यक्ष झालेल्या गृहस्थांचे.

हा विचार आपल्याला परका आहे, असे काही लोक मानतात. पश्चिमेने तो शोधला, आपण शिकायचा. आम्हाला ते पटत नाही. प्रेषित (स.) यांनी इब्न लुत्बिया नावाच्या एका माणसाला जकात गोळा करायला पाठवले होते. तो परत आला आणि त्याने दोन ढीग मांडले. एक बैतुलमालचा आणि दुसरा आपला, कारण तो लोकांनी आपल्याला भेट म्हणून दिला. प्रेषितांना (स.) हे आवडले नाही. मिंबरवर जाऊन त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा, की हा आपल्या आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर या भेटी चालत त्याच्याकडे आल्या असत्या का? बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत ही हदीस आहे. पाकिस्तानच्या तोशखान्याची नोंदवही २०२३ च्या मार्चमध्ये सरकारने जाहीर केली, तेव्हा आम्हाला ही हदीस आठवली. परदेशी राजांनी दिलेली घड्याळे आणि गाड्या नाममात्र किमतीत घरी नेणाऱ्यांत सगळ्या पक्षांचे पुढारी होते. शरीफांच्या विरोधात पनामाची याचिका घेऊन गेलेले इम्रान खानही त्यात होते, आणि त्यांना तर निवडणूक आयोगाने २०२२ च्या ऑक्टोबरातच भेटींचा तपशील नीट न दिल्याबद्दल अपात्र ठरवले होते.

पण इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त आलेली एक हकीकत आम्हाला याहून मोलाची वाटते, कारण तिच्यात परमुलखातला व्यापार आहे आणि राज्यकर्त्याची मुले आहेत. हजरत उमर (र.) यांचे दोन मुलगे, अब्दुल्लाह आणि उबैदुल्लाह, फौजेबरोबर इराकला गेले होते. परतताना बसऱ्याचे गव्हर्नर अबू मूसा अशअरी (र.) यांनी त्यांचे स्वागत केले. तुमच्या उपयोगी पडावे असे वाटते, ते म्हणाले. मग त्यांनाच एक मार्ग सुचला. मदिनेला बैतुलमालची रक्कम पाठवायचीच आहे. ती मी तुम्हाला कर्जाऊ देतो. इथला माल घ्या, मदिनेत विका, मुद्दल अमीरुल मोमिनीनकडे भरा, नफा तुमचा. मुलांनी तसे केले आणि नफा झाला. बैतुलमालचा एक दिरहमही बुडाला नाही. गव्हर्नराने काही मागितले नव्हते आणि मुलांनी कुणाला फसवले नव्हते.

हजरत उमर (र.) यांनी मुलांना विचारले, ही रक्कम फौजेतल्या सगळ्यांना अशीच कर्जाऊ मिळाली होती का? नाही, मुले म्हणाली. मग तुम्ही माझे मुलगे म्हणून मिळाली. मुद्दल भरा आणि नफाही भरा.

अब्दुल्लाह गप्प राहिले. उबैदुल्लाह मात्र बोलले, आणि त्यांचा मुद्दा कमजोर नाही. रक्कम वाटेत बुडाली असती तर ती आम्हाला भरून द्यावी लागली असती, मग जोखीम आमची असताना नफा आमचा का नाही? उमर (र.) यांनी आपलेच म्हणणे पुन्हा सांगितले. शेवटी बसलेल्यांपैकी एकाने तोड सुचवली की याला किराद, म्हणजे भागीदारीतला व्यापार, समजा. ते मान्य झाले. अर्धा नफा बैतुलमालला, अर्धा मुलांना.

या हकीकतीत खलिफाने कुणाची नियत तपासली नाही, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. ज्याला सगळे सादिक आणि अमीन मानत त्या गव्हर्नराला त्यांनी चोर म्हटले नाही, मुलांनाही म्हटले नाही. त्यांनी एकच विचारले, हे सगळ्यांना मिळते का? आईबापाच्या घरी बसून राहण्याचा प्रश्न आणि हा प्रश्न एकाच जातीचे आहेत. दोन्हींची उत्तरे हो किंवा नाही अशी देता येतात. त्यासाठी अंतःकरण उघडून पाहण्याची गरज नाही आणि शब्दकोशाचीही नाही. दुबईत महिना दहा हजार दिरहमाचे, न जाता मिळणारे अध्यक्षपद आमच्या गावच्या कुणाला मिळाले असते का?

येथे एक आक्षेप येतो आणि तो आम्ही टाळणार नाही. शरीफ घराण्याचा लाहोरचा कारखाना १९७२ मध्ये भुट्टो सरकारने ताब्यात घेतला. मग त्यांच्या वडिलांनी दुबईत पोलादाचा कारखाना काढला. ऑक्टोबर १९९९ मध्ये लष्कराने नवाझ शरीफ यांना पदावरून काढून तुरुंगात टाकले आणि डिसेंबर २००० मध्ये सौदीला हद्दपार केले. तिथे जेद्दाहच्या बाजूला मुलाने पुन्हा पोलादाचा कारखाना काढला. ज्या देशात पुढाऱ्याचा शेवट फाशी, तुरुंग किंवा हद्दपारी यांपैकी एक असतो, तिथे तो बाहेर चार भिंती आणि एक परवाना राखून ठेवतो यात नवल काय? आम्ही कोकणातल्या लोकांनी तरी त्याला हसू नये. दोन पैसे सुरक्षित असावेत म्हणून आम्हीही बाहेर गेलो. १९९२-९३ च्या मुंबईनंतर किती जणांनी मुलांचे पासपोर्ट काढून ठेवले होते हे आम्हाला माहीत आहे. हे समजून घेतलेच पाहिजे. पण समजून घेणे वेगळे. आमच्या सौदीवाल्या चाचांच्या सहीने दोन देशांत करार होत नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी आमच्या म्हणण्याच्या विरुद्ध जाते. २०१५ मध्ये येमेनच्या युद्धासाठी सौदीने पाकिस्तानकडे फौज, जहाजे आणि विमाने मागितली. पंतप्रधान होते तेच नवाझ शरीफ, ज्यांना सौदीने सात वर्षे आसरा दिला होता. १० एप्रिल २०१५ रोजी पाकिस्तानच्या संसदेने तटस्थ राहण्याचा ठराव केला. अमिरातीचे परराष्ट्र राज्यमंत्री उघडपणे रागावले. म्हणजे इकामा असूनही आवाज खाली आला नाही, असे म्हणता येईल. आम्हीही ते मान्य करतो. मात्र ज्या दिवशी ही मागणी आली त्या दिवशी पाकिस्तानच्या नागरिकांना आपल्या पंतप्रधानाच्या खिशात त्याच प्रदेशातला परवाना आहे हे ठाऊक असायला हवे होते की नाही? निर्णय चांगला झाला हे नंतर कळले. विश्वास ठेवायचा की नाही हे आधी ठरवावे लागते. त्यांच्याच पक्षाचे नंतरचे परराष्ट्रमंत्री ख्वाजा आसिफ यांच्याकडेही अमिरातीतल्या एका कंपनीच्या नोकरीवरचा इकामा निघाला. इस्लामाबाद उच्च न्यायालयाने २०१८ च्या एप्रिलात त्यांना अपात्र ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाने जूनमध्ये ते रद्द केले. कायद्यात ते बसले असेल. परराष्ट्रमंत्री परदेशी कंपनीचा नोकर, हे वाक्य मात्र कुठल्याही न्यायालयाला पुसता येत नाही.

आपल्या देशात उमेदवाराने मालमत्ता जाहीर करावी हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ आणि २००३ च्या निकालांनी ठरवून दिले. परदेशातल्या मालमत्तेचा रकाना त्या प्रतिज्ञापत्रात २०१९ मध्ये आला. मंत्र्यांच्या आचारसंहितेत धंद्याच्या कारभाराशी संबंध तोडावा असे आहे, मालकी सोडावी असे नाही. कारभार मुलगा पाहतो आणि मालकी बापाची राहते. बसऱ्याच्या गव्हर्नराला यात काही अडचण आली नसती.

वाचकहो, एवढे लिहून झाल्यावर लेख इथेच संपवता आला असता. पुढाऱ्यांना बोल लावून लेख संपवणे सोपे असते. पण आम्हाला आमच्या तालुक्यातली एक शिक्षण संस्था आठवते आणि ती सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

संस्था चांगली होती, आजही आहे. मुलींची शाळा तिने त्या भागात पहिल्यांदा आणली. संस्थेचे चेअरमन मुंबईत आखातासाठी माणसे भरती करण्याचे ऑफिस चालवत. ज्या कंपन्यांना ते माणसे पुरवत, त्याच कंपन्यांकडून ते संस्थेसाठी देणग्या आणत. इमारतीच्या दारात संगमरवरी पाटीवर त्या कंपन्यांची नावे कोरलेली आहेत. चेअरमननी संस्थेचा एक पैसा खाल्ला नाही, उलट स्वतःचे घातले, हे आम्ही शपथेवर सांगू. एका वर्षी गावातल्या अकरा मुलांचा पगार पाटीवरच्याच एका कंपनीने पाच महिने अडवला. मुलांचे बाप वार्षिक सभेला आले. संस्थेने कंपनीला पत्र लिहावे, कारण संस्थेचे नाव तिथे चालते, एवढीच त्यांची मागणी होती. चेअरमन नरमपणे म्हणाले की हा संस्थेचा विषय नाही, मी खाजगीत बघतो. एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले होते, ते खाली बसले. कुणी काही बोलले नाही. सभेतल्या निम्म्या घरांतले कुणी ना कुणी चेअरमनसाहेबांच्या व्हिसावर होते.

आमच्या धाकट्या भावाचे कागद त्या महिन्यात त्यांच्याच ऑफिसात होते. आम्ही तेव्हा संस्थेचे चिटणीस होतो. सभेचे इतिवृत्त आम्ही लिहिले. ते अजून संस्थेच्या कपाटात आहे, अक्षर आमचेच आहे. आयत्या वेळच्या विषयांपुढे त्यात लिहिले आहे : काही नाही.